माग शिवेपर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दोनशे वर्षांपूर्वी घोडेगावात किंवा ओतूरला एखाद्याच्या गोठ्यातून रात्री बैलजोडी गेली, तर तो माणूस कुठे धावत असेल? पोलीस ठाणे नव्हते, फौजदार नव्हता, गणवेशातला शिपाई तर नव्हताच. तो चावडीवर पाटलाकडे जाई. पाटील जागल्याला हाक मारी. जागल्या म्हणजे गावाचा रखवालदार. सपाटीवरच्या गावांत तो बहुधा रामोशी किंवा महार असे. घाटमाथ्याकडच्या खोऱ्यांत हे काम महादेव कोळ्यांकडेही असे.

जागल्या गोठ्याच्या दाराशी उकिडवा बसून जमीन न्याहाळी आणि मग उठून माग काढत चालू लागे. पावलांचा, खुरांचा, मोडलेल्या गवताचा माग. शेजारच्या गावाच्या शिवेवर पोचला की तो थांबे. त्या गावच्या जागल्याला बोलावून घेई, माग दाखवी आणि त्याची खात्री पटवी. खात्री पटली की पहिल्या जागल्याची जबाबदारी संपली. पुढचा माग आता दुसऱ्याने काढायचा. असे करत करत ज्या गावात माग विरला, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. आधी तिथल्या जागल्याकडून, त्याची ऐपत असेल तितकी. उरलेली रक्कम साऱ्या गावावर पट्टी बसवून.

हे वर्णन माझे नाही. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर म्हणून कारभार हाती घेतलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये गव्हर्नर जनरलला जो प्रदीर्घ अहवाल पाठवला, त्यात ते आहे. नवा मुलूख जिंकला की जिंकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो बंदोबस्ताचा. एल्फिन्स्टनने आधीचा बंदोबस्त कसा चाले हे बारकाईने विचारून घेतले होते, आणि तो पाहून त्याला नवल वाटले होते.

त्याने एक गोष्ट फार नेमकी टिपली आहे. जागल्याला पगार नव्हता. घरटी थोडे धान्य आणि असाच काही किरकोळ वाटा हे त्याचे उत्पन्न. ते गोळा करायला त्याला वर्षभर दारोदार फिरावे लागे. कुणाचे खळे किती झाले, कुणाच्या घरी पाहुणा आला, कोण दोन दिवस गावात दिसला नाही, हे त्याला आपला वाटा बुडू नये म्हणूनच ठाऊक ठेवावे लागे. त्याचे पोट आणि त्याची पाळत ही एकाच कामाची दोन अंगे होती. आजच्या भाषेत ज्याला गुप्तवार्ता म्हणतात, ती या माणसाला सुपातल्या ज्वारीबरोबर मिळत होती.

माग विरला त्या गावाने भरायचे, हा नियम काही आपल्याकडचीच विशेष गोष्ट नव्हे. याज्ञवल्क्य स्मृतीत चोराचा माग गावाबाहेर गेला असे दाखवता आले नाही, तर दोष ग्रामप्रमुखावर ठेवला आहे. इंग्लंडात १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने दरोडेखोर हजर न करणाऱ्या परगण्यावर नुकसानीची जबाबदारी टाकली होती. आणि गंमत अशी, की मध्ययुगीन रशियाच्या ‘रूस्काया प्राव्दा’ या कायदेसंग्रहातही जवळजवळ हीच तरतूद आहे: माग ज्या गावाशी येऊन थांबेल, त्या गावाने तो पुढे दाखवून द्यावा, नाही तर भरपाई करावी. कुकडीच्या काठचा जागल्या आणि नीपर नदीच्या काठचा शेतकरी यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. पण जिथे राजाचा हात खेड्यापर्यंत पोचत नाही, तिथे राजे लोक गावालाच पोलीस करून टाकतात. खर्च गावाचा, जोखीम गावाची, महसूल मात्र राजाचा.

ही व्यवस्था सोन्यासारखी होती असे समजण्याचे कारण नाही. गरीब जागल्याकडून भरपाई घ्यायची म्हणजे काय घ्यायचे? गावावर पट्टी बसली की ती कुणाच्या पाठीवर जास्त पडत असेल, हे सांगायला नको. चोराशी संगनमत असलेला जागल्याही असायचाच. एल्फिन्स्टनही कबूल करतो, की पूर्ण भरपाई दर वेळी वसूल होत नसे. तरीही व्यवस्था उभी होती ती एका पायावर: रखवाली करणाऱ्याचा गावाच्या धान्यात हक्क होता आणि तो हक्क वंशपरंपरेने चालत आलेला होता. त्याला वतन म्हणत. हा ‘हक्क’ शब्द लक्षात ठेवावा, कारण जुन्नर-आंबेगावच्या पुढच्या साठ वर्षांच्या इतिहासात पुष्कळसे रक्त याच शब्दावरून सांडले आहे.

गावच्या जागल्याच्या वरची पायरी म्हणजे नाईक. जुन्नरच्या पश्चिमेला नद्यांची खोरी आहेत. लोक त्यांना नेर म्हणतात: मढनेर, कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर. खोऱ्यांच्या माथ्यावर शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे किल्ले, आणि त्यांच्यापलीकडे नाणेघाटासारख्या कोकणात उतरणाऱ्या वाटा. या डोंगराची, वाटांची आणि किल्ल्यांच्या शिबंदीची मोठी भिस्त महादेव कोळ्यांवर होती. त्यांचे नाईक हे एकाच वेळी जमातीचे पुढारी, घाटवाटांचे राखणदार आणि गरज पडली तर सरकारला नडणारे लोक होते. मोगलांनाही ते नडले होते. १६५७ च्या बंडानंतर मोगलांनी पकडलेल्या कोळ्यांची शिवनेरीवर कत्तल केली आणि तिथेच काळा चौथरा बांधला, असे परंपरा सांगते.

पेशव्यांना हे लोक कसे हाताळावेत याचे एक तंत्र साधले होते. त्याला धोरण म्हणावे की नाइलाज, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न. जावजी बांबळे नावाचा नाईक नाना फडणवीसांच्या काळात बंडावला. रतनगड, अलंग, कुलंग, मदनगड असे एकाहून एक अवघड किल्ले त्याने घेतले. फौजांना तो सापडेना. शेवटी तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्याला माफी मिळाली. एवढ्यावर थांबले नाही. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडच्या राजूर भागातील साठ गावांचा लष्करी आणि पोलिसी अधिकार त्यालाच दिला गेला. कोळी दरोडेखोरांना देहदंड देण्याचाही! पुढे रामजी भांगरे या नाईकाचेही तेच झाले. बळाने तो हाती लागेना, तेव्हा माफी देऊन त्याला पोलिसाची मोठी जागा दिली, आणि तिथे त्याने उत्तम काम केले, असे खुद्द इंग्रजी गॅझेटियरच म्हणते.

चोराच्या हाती किल्ल्या, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण या नाईकांना चोर म्हणणे हे अर्धेच सत्य आहे. डोंगरात कुठे लपता येते हे ज्याला कळते, तोच लपलेल्याला शोधू शकतो. पेशव्यांच्या कारभाऱ्यांना हे उमगले होते. शिवाय यातला खरा व्यवहार माफीचा नव्हता, हक्काचा होता. नाईकाचे मानपान आणि उत्पन्न मान्य केले की तो रखवालदार, नाकारले की तो दरोडेखोर. माणूस तोच, डोंगर तोच.

१८१८ च्या एप्रिल-मे महिन्यांत मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने जुन्नर आणि भोवतालचे किल्ले घेतले. चावंडवर तोफा चालल्या, जीवधनने फारसा प्रतिकार केला नाही. किल्ले पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून त्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आजही चावंडला चढताना ती तुटलेली वाट पायाला जाणवते. पण किल्ला निकामी झाला की किल्ल्यावरची शिबंदीही निकामी होते, आणि शिबंदी म्हणजे शेकडो घरांची चूल. घाटाचा राखणदार, गडाचा पहारेकरी, रानवाटांचा नाईक, या सर्वांचे काम एका उन्हाळ्यात गेले.

एल्फिन्स्टन आंधळा नव्हता. पाटील आणि गावची रखवाली मोडू नये, असे त्याचे स्पष्ट मत होते. १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जी कायद्यांची संहिता तयार झाली, तिच्यातल्या बाराव्या रेग्युलेशनने पोलिसांची व्यवस्था लावली आणि पाटलाला तिच्यात जागा ठेवली. कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट, त्याच्या हाताखाली मामलतदार, मामलतदाराच्या हाताखाली पाटील. कागदावर साखळी जुळली. पण कागदावर हक्कांची नोंद घेताना कारकून विचारी, ‘सनद आहे का?’ पिढ्यान् पिढ्या खळ्यावर धान्य घेणाऱ्याकडे सनद कुठून असणार!

पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईकांचे बंड झाले ते याच काळात. त्यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून मी इथे तिच्यात शिरत नाही. एवढेच सांगतो, की बंड करणाऱ्या रामोशांनाही सरकारने एकदा माफी देऊन डोंगरी पोलिसांत घेतले होते. ते फिसकटले आणि १८३२ मध्ये पुण्यात उमाजींना फाशी झाली. इकडे उत्तरेला १८२८ ते १८३० या काळात कोळी नाईक उठले. त्यांत रामा किरवे होता आणि पेशवाईत पोलिसाची जागा भूषवलेला रामजी भांगरेही होता. नव्या सरकारशी त्याचे जुन्या हक्कांवरून बिनसले होते. बंदोबस्तासाठी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश आला. रामा किरव्याला अहमदनगरला फाशी दिले गेले.

या मॅकिंटॉशविषयी थोडे बोलले पाहिजे. त्याने रामोशांवर १८३३ मध्ये पुस्तक लिहिले आणि नंतर महादेव कोळ्यांवर मोठा निबंध. कुळे, देवके, पंचायती, लग्नाच्या रीती, शिकारीची पद्धत, सगळे त्यात आहे. आज या दोन्ही समाजांच्या जुन्या इतिहासाचा कुणीही अभ्यासक त्याला टाळून पुढे जाऊ शकत नाही. पण हे लिखाण पाठलाग करायला आलेल्या माणसाचे आहे. जो माणूस ‘हे लोक लपतात कुठे’ या प्रश्नासाठी त्यांच्या घरात डोकावतो, त्याला घरातले पुष्कळ दिसते, पण दिसते ते संशयाच्या उजेडात. पुढे शंभर वर्षे सरकारी दप्तरांत हे समाज ‘लुटारू जमाती’ म्हणून नोंदले गेले, त्याची शाई इथे कालवली गेली. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांचा इतिहास आतून लिहिला, त्याचे मोल म्हणून फार आहे.

आता १८३९ च्या सुरुवातीची घोडेगावची एक रात्र. पुण्याची फौज कमी झाली आहे, इंग्रज आता जाणार, अशी हवा पसरली होती. भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे या तिघांच्या पुढारपणाखाली कोळ्यांचा जमाव ठिकठिकाणी उठला. सुमारे दीडशे लोक घोडेगावच्या सरकारी कचेरीवर चालून आले. तेव्हा आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नव्हता, खेडचा एक पेटा होता, आणि घोडेगावी महालकरी बसत असे. त्याला हल्ल्याची कुणकुण आधी लागली. त्याच्याजवळ फौज कुठली असायला? कचेरीचे शिपाई आणि बोलावून जमवलेले गावकरी, एवढ्यांना घेऊन तो कचेरीत दारे लावून बसला. रात्रभर हल्ला चालला आणि रात्रभर या लोकांनी तो थोपवला. मग असिस्टंट कलेक्टर रोझ आणि लेफ्टनंट रड मदतीला पोचले. ५४ जण पकडले गेले. काहींना फाशी झाली, काहींना काळे पाणी.

या रात्रीचा उल्लेख स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत उठावाचे एक पान म्हणून येतो, आणि ते योग्यच आहे. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजी राज्य येऊन एकवीस वर्षे झाली होती, तरी घोडेगावात त्या राज्याचा पोलीस म्हणून कुणी नव्हताच. खजिना राखला तो निरोप पोचवणाऱ्या शिपायांनी आणि गावच्या माणसांनी. आणि खजिन्यावर चालून आले त्यांतही, एके काळी याच मुलखाची राखण करणाऱ्या घरांतली माणसे होती. शिवेच्या आतला आणि बाहेरचा, दोघेही जुन्या व्यवस्थेतलेच.

१८४४ पासून रामजी भांगऱ्यांचे चिरंजीव राघोजी यांनी पुणे, नगर, नाशिकचा डोंगरी भाग हलवून सोडला. आता रोख सरकारबरोबर सावकारावरही होता. महसूल रोखीने भरायचा, तो भरायला कर्ज काढायचे, कर्जापायी जमीन जायची आणि जमीन काढून द्यायला कोर्टाचा बेलीफ यायचा. डोंगरातल्या माणसाला कायदा पहिल्यांदा दिसला तो सावकाराच्या मागून चालत येताना. जुन्नरच्या भागात पलटणीच्या तुकड्या ठेवाव्या लागल्या. राघोजी सापडले ते २ जानेवारी १८४८ रोजी, पंढरपूरला. लेफ्टनंट गेल याने त्यांना पकडले. त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. बाप पेशव्यांच्या पोलिसांतला अधिकारी, मुलगा इंग्रजांच्या फासावर.

पलटणीने डोंगर राखता येत नाही, एवढे तोवर सरकारला कळले होते. चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये आयर्लंडच्या नमुन्यावर लष्करापासून वेगळे, गणवेशातले पोलीस दल उभे केले होते. त्याचा कित्ता गिरवत मुंबई इलाख्यात १८५३ मध्ये दर जिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट आला आणि मामलतदाराच्या शेजारी फौजदार बसू लागला. आज आपण पोलीस म्हणतो त्याचा आरंभ हा. पण त्यातही जुनी गोष्ट फिरून आलीच. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये सिन्नरजवळ नांदूर-शिंगोटे इथे भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याच्या लोकांनी नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री याला ठार मारले. हा भागोजी आधी नगर पोलिसांतच अंमलदार होता! हेन्रीच्या जागी आलेल्या नटॉलने काय केले? पेशव्यांनी केले तेच. त्याने कोळ्यांची पलटण उभारली. भरती केली ती मुख्यतः जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगरी भागांत. बांबळे घराण्याचे प्रमुख जावजी नाईक यांना तिच्यात वरचे स्थान दिले. नाव तेच, घराणे तेच, ऐंशी वर्षांपूर्वीचा तोडगाही तोच.

सगळा देश पेटला असताना हे डोंगर त्या काळात शांत राहिले. मग १८६१ च्या मार्चमध्ये पलटण मोडली. थोडे जण पोलिसांत गेले, बाकीचे शेतीवर आणि मजुरीवर परतले. गरज संपली होती. पलटणीमुळे कोळी तरुण बंडाच्या वाटेला गेले नाहीत, हे सरकारी लेखकांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मग ती मोडली का, याचे उत्तर बहुधा खर्चाच्या रकान्यात असावे, असा माझा तर्क आहे.

१८६७ मध्ये मुंबई सरकारने पाठोपाठ दोन कायदे केले. सातवा जिल्हा पोलिसांचा, आठवा गाव पोलिसांचा. आपल्या खेड्यांच्या दृष्टीने दुसरा जास्त महत्त्वाचा. त्याने पोलीस पाटलाला कायद्याचे अंग दिले. गावचे सगळे चाकर त्याच्या हुकमतीत. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर पंच बोलावून त्याने पाहणी करायची. गुन्ह्याची खबर वर कळवायची. किरकोळ मारामारी आणि शिवीगाळीबद्दल गुन्हेगाराला चोवीस तासांपर्यंत चावडीत बसवून ठेवायचाही त्याला अधिकार होता. ‘चावडी दाखवीन’ ही धमकी आपल्या भागातली म्हातारी माणसे अलीकडेपर्यंत देत. तिच्यामागे हे कलम होते.

याच सुमाराला रशियाच्या खेड्यांत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. तिथे १८३७ पासून तालुक्याचे पोटभाग पाडून प्रत्येकावर एक पोलीस अधिकारी नेमला होता. पण खाली खेड्यात काम करायचे ते सोत्स्की आणि देस्यात्स्की यांनी. शंभर घरांमागे एक आणि दहा घरांमागे एक, असा त्या शब्दांचा अर्थ. हे गावातलेच शेतकरी, गावानेच निवडून दिलेले, बहुतेकांना पगार नाही. कैदी पोचवा, टपाल पोचवा, प्रेताजवळ राखण करा. कुणी आनंदाने हे काम पत्करत नसे. शेवटी १८७८ मध्ये झारच्या सरकारने सुमारे ५,००० पगारी ग्रामीण पोलीस नेमले, त्यांना उर्यादनिक म्हणत. एवढ्या अफाट मुलखाला पाच हजार! खालचा बिनपगारी सोत्स्की काही सुटला नाही.

आपल्याकडचा सोत्स्की म्हणजे वेसकर महार. वेशीवर पहारा, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, निरोप पोचवणे, आल्या साहेबाला वाट दाखवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, प्रेत राखणे. दिवसरात्र केव्हाही हाक आली की जायचे. मोबदला म्हणजे वतनाची तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागितलेले बलुते. पाटलाचे वतन मानाचे, महाराचे वतन राबणुकीचे. एका कुळाला वतन म्हणजे वर्षाला थोडे धान्य आणि सरकारचा आयुष्यभराचा हुकूम, हे गणित डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघडे करून दाखवले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले. ज्या व्यवस्थेचे एल्फिन्स्टनला नवल वाटले होते, ती तळाच्या माणसाला कशी दिसत होती, हे समजून घ्यायचे तर बाबासाहेबांचे या विषयावरचे लिखाण वाचावे.

पोलीस पाटलाचा कायदा होऊन सहा-सात वर्षे होतात न होतात तोच आंबेगावच्या डोंगरात पुन्हा ठिणगी पडली. भीमाशंकरच्या अंगाला जांभोरी हे गाव आहे. तिथल्या होन्या भागोजी केंगले यांनी १८७३ पासून टोळी जमवून सावकारांवर हल्ले सुरू केले. दप्तरात होन्या, गावात होनाजी. सावकारांची खते हिसकावली जात, काहींची नाके कापली गेली. पुण्यापासून ठाण्यापर्यंतचे सावकार गाव सोडून पळू लागले. सरकारने होन्याला पकडून देणाऱ्यास १,००० रुपये आणि साथीदारांसाठी दोनशे ते सहाशे रुपये इनाम लावले. त्या काळी हजार रुपये म्हणजे डोंगरातल्या माणसाने कधी एकत्र पाहिलेली रक्कम नव्हे. गावोगाव पोलीस पाटील होते, जागले होते, खबर देण्याची कायदेशीर सक्ती होती, आणि वर हे इनाम. तरीही होन्या दोन-तीन वर्षे सापडले नाहीत.

याचा अर्थ उघड आहे. माग काढणारे होते, माग दिसतही होता. तो कुणी दाखवत नव्हते. एके काळी शिवेवर उभा राहून ‘इथून पुढे तुमचा’ असे म्हणणारा जागल्या आता सरकारसाठी शीव ओलांडायला तयार नव्हता. मधल्या काळात, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. डोंगरातली होन्यांची बंडाळी हे सपाटीवरच्या दंग्यांच्या आधी वाजलेले पडघम होते. अखेर १८७६ मध्ये पुण्याचे पोलीस सुपरिंटेंडेंट मेजर डॅनियल यांनी होन्यांना पकडले. याच डॅनियलांनी तीन वर्षांनी वासुदेव बळवंत फडके यांनाही पकडले.

नंतर डोंगर शांत झाले म्हणतात. चौक्या वाढल्या, रस्ते झाले, शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा दख्खनचा कायदा १८७९ मध्ये आला. बारा बलुत्यांतला जागल्या मात्र हळूहळू पुसट होत गेला. १९५९ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपली आणि महार, रामोशी वतनदारांची पिढीजात चाकरी सुटली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीचे वतन गेले. १८६७ चा गाव पोलीस कायदा जाऊन १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. पोलीस पाटील आता बापानंतर मुलगा असा होत नाही. अर्ज, परीक्षा आणि नेमणूक होते. स्त्रियाही पोलीस पाटील आहेत.

कामाची यादी मात्र ओळखीची वाटते. गावात अनोळखी माणूस आला तर कळवायचे, बेवारस प्रेत सापडले तर राखायचे, साहेब तपासाला आले तर बरोबर फिरायचे. आणि मोबदल्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. वर्षानुवर्षे मोर्चे आणि निवेदने झाल्यावर २०२४ मध्ये राज्य सरकारने ते महिन्याला साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये केले.

जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव त्या जलाशयाला दिले आहे. तालुक्याचे नाव तेवढे आंबेगाव राहिले. कचेरी घोडेगावातच आहे.